आमच्या फौंड्रीत दोन वर्षं चाललेलं कीक्लोक

मच्छ्यातल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा गेल्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, एका पासवर्डात सगळं उघडायचं ते काय बसवलंय तुम्ही, आमच्याकडं चालंल काय?" अर्धा तास बोलले तरी निम्मं सांगायचं राहिलंच. त्या बसवलेल्याचं नाव कीक्लोक, त्याबद्दल लिहून काढते. आमच्यासारखे बेळगाव-निपाणी पट्ट्यातले बरेच कारखाने आता क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेताहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अकरा वर्षं सिस्टीम बघते. मोल्डिंग, फेटलिंग, मशीनिंग, पॅटर्न शॉप, लॅब आणि ऑफिस मिळून १३६ जणांना लॉगिन लागतं. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या निम्म्या लोकांना पाच-सहा पासवर्ड सांभाळावे लागत: मेलचा एक, ईआरपीचा (खरेदी-विक्री, साठा, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर) दुसरा, हजेरी-पगाराचा तिसरा, ड्रॉइंगच्या स्टोरेजचा चौथा, मेंटेनन्सच्या तक्रारी टाकायचा पाचवा, आणि ग्राहक कंपन्यांची पोर्टलं वेगळीच. आमच्या लॅबमध्ये हीट रजिस्टरच्या (भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक हीटची, म्हणजे वितळलेल्या धातूच्या घाण्याची नोंदवही) शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड पेन्सिलीनं लिहिलेले असत. ईआरपीचा पासवर्ड दर नव्वद दिवसांनी बदलायचा, त्यामुळे जुना खोडून त्याच जागी नवा. खोडून खोडून त्या जागी कागदाला भोक पडलं होतं. ते पान मी फाडून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

खरं कारण मात्र त्या पानापेक्षा मोठं होतं. पुण्याकडच्या एका ग्राहक कंपनीनं ड्रॉइंग उतरवून घ्यायला आम्हाला चार लॉगिन दिले होते. वापरणारे होते पंधरा जण. त्यांच्या ऑडिटरनं आमच्या क्वालिटीच्या साहेबांना साधा प्रश्न विचारला: अमुक तारखेला या हाउसिंगच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन कुणी उतरवली? लॉगमधलं नाव ज्याचं होतं, तो मुलगा पाच महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. उतरवणारा आमच्यातलाच होता आणि कामासाठीच उतरवलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण दाखवायला काही नव्हतं. ऑडिटरनं शेरा लिहिला. त्या दिवशी मालक मला काही बोलले नाहीत, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

कीक्लोक हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. २०१४ साली पहिली आवृत्ती आली, रेड हॅटच्या लोकांनी ते वाढवलं, आणि २०२३ पासून ते क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे आहे. परवाना अपाचे २.०, म्हणजे सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, माणसं कितीही असोत. आम्ही २४व्या आवृत्तीपासून सुरुवात केली. काम एवढंच: सगळ्यांची खाती, पासवर्ड आणि दुसरा पुरावा (पासवर्डाशिवाय लागणारा मोबाइलवरचा कोड वगैरे) एका जागी ठेवायचा. ईआरपी असो की तक्रारीचं पोर्टल, लॉगिनची वेळ आली की ते माणसाला कीक्लोकच्या पानावर पाठवतं, आणि तिथून तो "हा आमचाच" अशी चिठ्ठी घेऊन परत जातो.

ही चिठ्ठी मालकांना समजावताना मी डिलिव्हरी चलनाचं उदाहरण दिलं. आमचा माल पुण्याला जातो तेव्हा तिथल्या गेटवरचा वॉचमन आमच्या ड्रायव्हरला ओळखत नसतो. तो चलन बघतो: कुणी दिलं, कुणाच्या नावानं, कधीचं, सही-शिक्का आपल्याकडच्या नमुन्याशी जुळतो का. जुळला की गाडी आत. सॅम्ल नावाची पद्धत अगदी हेच करते. कीक्लोक एक मजकूर तयार करतं, त्यात माणूस कोण, चिठ्ठी कुणासाठी, किती वाजता दिली, किती वाजेपर्यंत चालेल, हे लिहितं आणि वर डिजिटल सही करतं. सहीचा नमुना, म्हणजे आमचं सर्टिफिकेट, ग्राहकाकडे आधीच दिलेलं असतं. आमच्या माणसाचा पासवर्ड पुण्याला जातच नाही, आणि मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपापल्या घरची माणसं ज्यानं त्यानं ओळखायची आणि दुसऱ्यानं त्याच्या शब्दावर दार उघडायचं, याला फेडरेशन म्हणतात. सरकारच्या मेरी पहचान या लॉगिन सेवेत डिजिलॉकरच्या खात्यानं दुसऱ्या सेवेत शिरता येतं, तेही याच जातीचं काम आहे.

सॅम्ल २.० हे २००५ सालचं, वयानं मोठं आणि जड. त्याच कामाची नवी पद्धत ओपनआयडी कनेक्ट, २०१४ सालची, ती ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या पद्धतीवर उभी आहे. कीक्लोक दोन्ही बोलतं. आमचं ईआरपी आणि तक्रारीचं पोर्टल ओपनआयडी कनेक्टवर जोडलंय, ग्राहकाचं पोर्टल सॅम्लवर. मोठ्या कंपन्यांकडे अजून सॅम्लच मागतात, तेव्हा दोन्ही येणारं साधनच घ्या.

जोडणी कीक्लोकमध्ये दोन दिवसांत झाली. त्या दोन दिवसांतला एक अख्खा दिवस "इनव्हॅलिड पॅरामीटर: रीडायरेक्ट यूआरआय" या एका ओळीनं खाल्ला. परत कुठल्या पत्त्यावर पाठवायचं तो पत्ता कीक्लोकमध्ये अक्षरशः तसाच लिहावा लागतो, आणि मी शेवटची तिरकी रेघ विसरले होते. कंटाळून तिथं फुली (*) मारून "काहीही चालेल" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. त्या फुलीतून चिठ्ठी भलत्याच पत्त्यावर जाऊ शकते.

दोन दिवसांचं काम, पण ग्राहकाशी बोलणी चालली सहा आठवडे. माणूस नोकरी सोडून गेला तर किती तासांत त्याचं दार बंद करणार? सर्टिफिकेट किती वर्षांचं? रोल, म्हणजे कुणाला काय उघडता येईल, ते कोण ठरवणार, आम्ही की ते? त्यांच्या आयटीतली एक मुलगी रोज संध्याकाळी एक प्रश्न पाठवायची. पहिल्यांदा मला ते लांबण लावणं वाटलं, नंतर तिचे प्रश्न वाचून मी आमच्या एचआरबरोबर बसले आणि कळलं, की यांतल्या एकाचंही उत्तर आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं. सोडून जाणाऱ्या माणसाची खबर मला मिळायची ती पगाराची यादी बनताना.

नावांनी मात्र खूप घाम काढला, आणि हे सीमाभागातल्या प्रत्येक कारखान्याला भोगावं लागणार म्हणून थोडं विस्तारानं सांगते. आमच्याकडे खानापूर-बेळगावची माणसं आहेत तशी चंदगड-गडहिंग्लजचीही आहेत. घरी भरमा, शाळेच्या दाखल्यावर भरमाण्णा, रेशन कार्डावर भरमाप्पा. महाराष्ट्रातून आलेल्याचं नाव आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. कानडी शाळेत शिकलेल्याच्या नावापुढे नुसती आद्याक्षरं. ईआरपीत एक स्पेलिंग, हजेरीत दुसरं, मेलमध्ये तिसरं. पाच ठिकाणची खाती एकाच माणसाची आहेत हे संगणकाला नावावरून कळणं शक्यच नाही. मी सुरुवातीला ईमेलवरून जुळवायला गेले, तर शॉप फ्लोअरवरच्या चाळीस जणांना मेलच नव्हता, आणि फेटलिंगच्या दोन सुपरवायझरांचा मेल एकच होता. शेवटी पगाराच्या स्लिपवरचा कर्मचारी क्रमांक हीच सगळीकडची खूण केली. नाव बदलो, लग्नानंतर आडनाव बदलो, क्रमांक तोच राहतो. ही जुळवाजुळव हातानं केली, तीन आठवडे, एचआरमधल्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून. कुणी एजन्सी "एका दिवसात करून देतो" म्हणाली तर हा भाग कोण करणार ते आधी विचारा.

लॉगिनचं पान आम्ही मराठी आणि कानडीत केलं. कीक्लोकच्या थीममध्ये आपल्या भाषेची फाईल घालता येते, एकेक ओळ घेऊन आपले शब्द लिहायचे. साइन इनच्या बटनावर काय लिहायचं यावर जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगच्या लोकांना विचारलं. मी "प्रवेश करा" लिहिलं होतं. एक मामा म्हणाले, "हे थेटराच्या दारावरचं झालं. नुसतं 'आत या' लिवा की." तेच ठेवलं. गोकाककडच्या आमच्या एका सहकाऱ्यानं कानडीतही तसंच केलं, ओळगे बन्नी. पासवर्ड चुकला तर दिसणाऱ्या ओळीवर जास्त बोलणं झालं. मूळ ओळ नाव चुकलं की पासवर्ड, ते सांगत नाही. "मॅडम, दोन्हीतलं काय चुकलं ते तरी सांगायला नको काय?" असं मला चार जणांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, की तुम्हाला कळलं तर बाहेरच्या चोरालाही कळतं, की हा क्रमांक खरा आहे, आता फक्त पासवर्ड शोधायचा. पटलं त्यांना. ज्या माणसाला कारण सांगितलंय तो पासवर्ड रजिस्टरात लिहीत नाही, एवढं मी दोन वर्षांत पाहिलंय.

आता चूक सांगते, आणि ती माझी होती. पहिल्या पावसाळ्यात कीक्लोक आमच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवर होतं. जुलैतल्या एका रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, नऊ तास मशीन बंद. सकाळी सगळं सुरू केलं आणि दोन तऱ्हेच्या तक्रारी यायला लागल्या. अकाउंटवाले म्हणत होते मोबाइलवरचा सहा आकड्यांचा कोड चुकीचा दाखवतोय. शॉपमधले म्हणत होते, "उघडतंय खरं, लगेच बाहेर टाकतंय." मी त्या दोन वेगळ्या तक्रारी समजून दोन वेगळ्या दिशांनी शोधत बसले. पासवर्ड बदलून दिले, मशीन तीनदा बंद-चालू केलं, ईआरपीवाल्यांना फोन लावला. भट्टी चालू होती, हीट निघत होत्या आणि लॅबचे निकाल कागदावर लिहिले जात होते.

साडेबाराला जेवणाचा भोंगा वाजला. मी सर्व्हरच्या पडद्यासमोर उभी होते. कोपऱ्यातल्या घड्याळात १२:२३.

सात मिनिटं मागे. कीक्लोक देतं ती चिठ्ठी मुळात पाच मिनिटांची असते, अॅक्सेस टोकनची ठरलेली मुदतच तेवढी. सात मिनिटं मागच्या घड्याळानं दिलेली चिठ्ठी ईआरपीच्या हातात पडतानाच दोन मिनिटं शिळी. मोबाइलवरचा कोड तर दर ३० सेकंदांना बदलतो आणि कीक्लोक पुढचा-मागचा एकच कोड चालवून घेतं, तो जुळणार कसा? सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बिल्ल्याएवढा सेल मरायला टेकला होता. आणि बाहेरून वेळ आणणारी वाट फायरवॉलमध्ये मीच सहा महिन्यांपूर्वी बंद केलेली होती. सेल बदलला, वाट उघडली, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. आता घड्याळ दोन सेकंदांनी जरी सरकलं तरी मला मेसेज येतो.

त्यातून दुसरंही कळलं. कीक्लोक बंद म्हणजे सगळंच बंद. पूर्वी एक सॉफ्टवेअर पडलं तर बाकीची चालत. वीज उद्यमबागेत गेली तरी आमचा सेल्सचा माणूस पुण्यात अडकून पडायचा, कारण ओळख देणारा इथं अंधारात. त्या महिन्यातच मी ते मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या मशीनवर नेलं, चार जीबी मेमरी, पोस्टग्रेस डेटाबेस वेगळा, रोज रात्री बॅकअप. चाचणीसाठी कीक्लोक सोबत एक छोटा डेटाबेस देतं, त्यावर चालवून "जमलं" म्हणणारे मी पाहिलेत. तो खऱ्या कामासाठी नाही.

एक किल्ली सगळी दारं उघडते म्हटल्यावर त्या किल्लीला दुसरं कुलूप हवंच. ऑफिसला मोबाइलवरचा कोड चालला. मशीन शॉपमध्ये ग्राहकाच्या नियमानं कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही. तिथं यूएसबीला लावायच्या सुरक्षा चाव्या दिल्या. वेबऑथन या ठरलेल्या पद्धतीमुळे कीक्लोकमध्ये त्या सरळ चालतात, आणि खोट्या पानावर त्या कामच करत नाहीत, हा मोठा फायदा. चावी ओळखपत्राच्या दोरीला अडकवलेली असते. वंगणाच्या हातानं त्यांचं टोक काळं पडतं, तर स्पिरिटच्या कापडानं पुसायला सांगितलंय. दोन वर्षांत सतरा चाव्यांपैकी एक हरवली, एक वाकली.

कुठं कमी पडतं तेही सांगायला हवं. आत येणं एका जागी आलं, बाहेर पडणं तितकं आलं नाही. कीक्लोकमध्ये खातं बंद केलं की नवं दार कुठलंच उघडत नाही, पण आधी आत गेलेला माणूस त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेशनवर बसून राहू शकतो. आमचं हजेरीचं सॉफ्टवेअर आठ तास बसू देतं आणि "याला बाहेर काढ" हा कीक्लोकचा निरोप ऐकत नाही. म्हणून सोडून जाणाऱ्याच्या दिवशी एचआरच्या यादीत ते एक काम हातानं करायचं आहे. सॉफ्टवेअर विकत घेताना बॅकचॅनल लॉगआउट, म्हणजे हा निरोप ऐकणं, येतं का, हे विचारून घ्या.

दुसरं, कोण कधी आत आला याची नोंद कीक्लोक आपोआप साठवत नाही. रेल्मच्या (कीक्लोकमध्ये आपली सगळी खाती ज्यात असतात तो भाग) सेटिंगमध्ये इव्हेंट साठवणं चालू करावं लागतं आणि किती दिवस ठेवायचं ते ठरवावं लागतं. ऑडिटसाठी सगळी धडपड करून हेच विसरलात तर हातात काही राहणार नाही.

आणि अपग्रेड. आवृत्त्या भराभर येतात आणि समुदायाकडून दुरुस्ती फक्त ताज्या आवृत्तीला मिळते. वर्षात तीन-चार रविवार त्यात घालवायची तयारी हवी. चांगलं म्हणजे २६व्या आवृत्तीपासून, ती ऑक्टोबर २०२४ ला आली, लोकांची सेशनं डेटाबेसमध्ये राहतात. त्याआधी मशीन पुन्हा चालू केलं की सगळे बाहेर फेकले जायचे आणि पाळीच्या मध्ये ते करायची सोय नव्हती.

माझी खरी तक्रार कीक्लोकबद्दल नाहीच, ती क्लाउडवाल्यांच्या दरपत्रकाबद्दल आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीनं आम्हाला सांगितलं, सिंगल साइन-ऑन, म्हणजे हेच एका लॉगिनात सगळं उघडणं, हवं तर वरचा प्लॅन घ्या, माणशी दर जवळजवळ दुप्पट. त्या प्लॅनमधलं बाकी काहीच आम्हाला नको होतं. ही रीत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. दाराला कुलूप हे चैनीच्या यादीत टाकायचं नसतं. मालकांनी चार फोन करून दर खाली आणला, पण लहान कारखान्याला ते कुठून जमणार?

मच्छ्याच्या मालकांना माझं उत्तर असं. तुमची सगळी माणसं आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असतील तर त्यातलं एन्ट्रा आयडी हे याच कामाचं साधन, आणि गूगल वर्कस्पेसवर असतील तर त्यातलं सिंगल साइन-ऑन आधी पाहा, वेगळी यंत्रणा सांभाळायचा त्रास वाचेल. पण तुमच्यासारखी निम्मी माणसं शॉपमध्ये, मेल नसलेली, भाषा दोन आणि ग्राहक तीन तऱ्हेचे असतील, तर कीक्लोक घ्या. फक्त ते सांभाळणारा एक माणूस पगारावर हवा. बसवून देणारा नव्हे, सांभाळणारा. आणि त्याच्या हाताखाली दुसरा एक शिकता असावा. मी आजारी पडले तेव्हा हे समजलं, आता आमच्या मेंटेनन्समधला एक मुलगा माझ्याबरोबर शिकतोय.

गेल्या महिन्यात तेच ऑडिटर पुन्हा आले. तोच प्रश्न, दुसरं ड्रॉइंग. क्वालिटीच्या साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला: क्रमांक, नाव, वेळ, कुठल्या मशीनवरून. त्यांनी वाचलं, वहीत लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

ग्राहकाला दिलेल्या सर्टिफिकेटची दोन वर्षांची मुदत आता संपत आलीय. नवं त्यांना पाठवून झालं, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बदलायचंय, येत्या रविवारी सकाळी सहाला, पहिल्या पाळीच्या आधी. मच्छ्याहून त्यांचा मुलगा बघायला येतोय. त्याला सांगितलंय, येताना डब्याची काळजी नको, फक्त वेळेवर ये.